बटाटे, सायकल आणि बूट : फिल्म सोसायटीच्या कार्यकारिणीला खुलं पत्र

नमस्कार,

पुढच्या वर्षी युरोपियन सिनेमाची वेगळी मालिका करायची आहे, सभासदांनी सूचना पाठवाव्यात, असा तुमचा मेसेज आला म्हणून हे लिहितेय. ग्रुपवर दोन ओळी टाकून भागलं असतं, पण जे म्हणायचंय ते दोन ओळीत बसत नाही आणि ते फक्त आपल्या सोसायटीपुरतंही नाहीये, जिथे जिथे असे क्लब चालतात तिथे थोड्याफार फरकाने हेच दिसतं, म्हणून उघडच लिहिते. मी सिनेमाची विद्यार्थिनी नाही, नोकरी करणारी बाई आहे, पण हे सिनेमे मी कितीतरी वर्षं बघतेय आणि त्यांच्यावर माझा खरंच जीव आहे.

मुद्दा आधीच सांगून टाकते. तुम्ही हे सिनेमे कठीण म्हणून दाखवताय. पत्रकावर 'गंभीर प्रेक्षकांसाठी' असं छापता, खाली अस्तित्ववाद, परात्मता, देवाचं मौन वगैरे शब्द असतात, आणि मग हॉलमध्ये दरवेळी तेच ते चेहरे दिसतात आणि कार्यक्रम संपल्यावर आपणच म्हणतो की लोकांना चांगला सिनेमा नको असतो. मला हे अजिबात पटत नाही. युरोपातले जे सिनेमे मला सगळ्यात मोठे वाटतात ते बहुतेक कामाबद्दल आहेत. हातांनी करायचं काम, पगार, घरकाम, गेलेली नोकरी, आजारी माणसाचं करणं. हे ज्यांना आतून माहीत आहे अशी माणसं आपल्या गावात घराघरात आहेत, आपण फक्त त्यांना बोलावलेलं नाही.

एक गोष्ट बघा. ब्रिटनचं 'साइट अँड साउंड' मासिक दर दहा वर्षांनी समीक्षकांना विचारतं की आजवरचे सगळ्यात श्रेष्ठ सिनेमे कोणते. १९५२ साली हा कौल पहिल्यांदा घेतला तेव्हा पहिला आला 'बायसिकल थीव्ज'. २०२२ साली पहिला आला शांताल आकेरमानचा 'जान डीलमान', बाईने केलेला सिनेमा पहिल्या नंबरवर येण्याची ही पहिलीच वेळ. मध्ये सत्तर वर्षं गेली, पण दोन्हीच्या मध्यभागी काय आहे ते बघा ना. एकीकडे भिंतींवर पोस्टर चिकटवायची नोकरी आणि ती टिकवायला लागणारी सायकल, दुसरीकडे स्वयंपाक, भांडी, अंथरुणं. त्याच १९५२ सालच्या जानेवारीत मुंबईत भारतातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव झाला, त्यात 'बायसिकल थीव्ज' दाखवला होता, आणि पुढच्याच वर्षी बिमल रॉयचा 'दो बिघा जमीन' आला, ज्याच्यावर या इटालियन सिनेमाची छाप उघड दिसते. म्हणजे आपल्याकडच्या माणसांना तो सिनेमा लगेच भिडला होता. तेव्हा भिडला तर आत्ता का भिडणार नाही?

'बायसिकल थीव्ज'मधला गहाणवटीच्या दुकानाचा सीन आठवा. नोकरी मिळालीय पण सायकल गहाण पडलीय, ती सोडवायला पैसे नाहीत, तर बायको एक शब्द जास्त न बोलता पलंगावरच्या चादरी ओढून काढते आणि दोघं त्या गहाण टाकायला नेतात. खिडकीपलीकडचा माणूस चादरींचं गाठोडं घेऊन मांडणीवर चढायला लागतो आणि कॅमेरा त्याच्याबरोबर वर वर जातो, तेव्हा दिसतं की तिथे छतापर्यंत गाठोडीच गाठोडी आहेत. सगळ्या शहराने आपल्या चादरी आणून टाकल्यात. बस, एवढंच. यावर भाषण कशाला पाहिजे? ज्याच्या घरातली पाटली कधी ना कधी सोनाराकडे गेलीय त्याला हा सीन कोणीही समजावून द्यायची गरज नाही. दिग्दर्शक दे सिकाने नायक म्हणून घेतला तो लाम्बेर्तो माज्जोरानी खरोखरचा कारखान्यातला कामगार होता. हॉलिवूडचा निर्माता सेल्झनिक पैसे घालायला तयार होता पण त्याला हिरो कॅरी ग्रँट हवा होता, दे सिका नाही म्हणाला. पैशाची चणचण असताना नाही म्हणाला. त्या माणसाच्या चालण्यात, सायकल खांद्यावर उचलून घेण्यात जे आहे ते कॅरी ग्रँट कितीही गुणी असला तरी कुठून आणणार होता?

आता 'जान डीलमान'बद्दल, कारण या एका सिनेमावरून आपल्यात किती वाद झालेत ते तुम्हाला माहीत आहे. मागे कोणीतरी हा सुचवला तेव्हा बैठकीत म्हटलं गेलं की २०१ मिनिटं एक बाई बटाटे सोलते, आपले लोक पळून जातील. मला वाटतं की आपल्या लोकांपैकी अर्ध्या लोकांना, म्हणजे बायकांना, हा सिनेमा जगातल्या कुठल्याही समीक्षकापेक्षा चांगला कळेल.

ब्रसेल्समधली एक विधवा आहे, शाळेत जाणारा वाढत्या वयाचा मुलगा आहे, आणि सिनेमा तीन दिवसांचा आहे. सकाळी मुलाचे बूट पॉलिश करते, कॉफी करते, बाजारहाट करते, शेजारणीचं तान्हं बाळ थोडा वेळ सांभाळते, दुपारी एक पुरुष घरी येतो, पैसे देऊन जातो, ते पैसे ती जेवणाच्या टेबलावरच्या सुपाच्या भांड्यात टाकून झाकण लावते, आंघोळ करते, टब घासते, बटाटे उकडलेले असतात, मुलगा येतो, जेवण. कॅमेरा हलत नाही. समोर उभा राहून बघत राहतो. संगीत जवळजवळ नाहीच, त्यामुळे नळ, दिव्याचं बटण, टाचांचा आवाज, खोलीतून बाहेर पडताना दरवेळी दिवा बंद करणं हे सगळं कानात बसतं. आकेरमान तेव्हा पंचविशीच्या आसपासची होती, कॅमेरा बाबेत मांगोल्त या बाईने केलाय, आणि डीलमानबाई झालीय देल्फीन सेरिग, जी तोवर फ्रेंच सिनेमातली एकदम देखणी, गूढ नटी म्हणून प्रसिद्ध होती. अशा नटीला आकेरमानने भांडी घासायला उभी केली आणि तीही पाठमोरी.

मी हा सिनेमा माझ्या आईबरोबर घरी बघितला. आईला मी आधी काहीही सांगितलं नव्हतं, फक्त म्हटलं मोठा आहे, कंटाळा आला तर बंद करू. पहिला दिवस तिने शांतपणे बघितला, मध्येच म्हणाली बाई टापटिपीची आहे, सगळं जागच्या जागी ठेवते. दुसऱ्या दिवशी तो पुरुष जायला जरा उशीर होतो, आणि मग ती स्वयंपाकघरात येऊन पातेल्याचं झाकण उघडते, तसंच पातेलं हातात घेऊन घरभर फिरते, या खोलीत जाते, त्या खोलीत जाते, कुठे ठेवू ते तिला सुचत नाही. आई ताडकन उठून बसली. "बटाट्यांचा गाळ झाला ग, आता हिचं काही खरं नाही." मी कुठल्याशा लेखात याच क्षणावर पानंच्या पानं वाचली होती, सिनेमाची कशी इथे घडी विस्कटते वगैरे, आणि आईला ते एका सेकंदात कळलं होतं. पुढे सुपाच्या भांड्यावर झाकण ठेवायचं राहिलं तेही आधी तिनेच दाखवलं. तिसऱ्या दिवशी कॉफी बिघडते, ती ओतून देऊन परत करते, तरी जमत नाही, तेव्हा आई बोलायची थांबली. शेवट मी इथे सांगत नाही. सिनेमा संपल्यावर आई बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, हिला कोणी एकदा तरी विचारायला हवं होतं.

ज्यांना हे 'काहीच घडत नाही' असं वाटतं त्यांनी आयुष्यात कधी चार माणसांचा रोजचा स्वयंपाक घड्याळाकडे बघत केलेला नसावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि म्हणून माझी मागणी आहे की हा सिनेमा लावा, पण शनिवारी संध्याकाळी सातला नको, कारण त्या वेळेला ज्यांनी बघायला पाहिजे त्याच बायका कणीक मळत असतात. रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावर लावा. मध्यंतर हवंच असेल तर दुसरा दिवस संपल्याची पाटी पडद्यावर येते तिथे घ्या, मधेच कुठेतरी चहासाठी तोडू नका.

बटाट्यांवरून आठवलं, युरोपियन सिनेमात बटाटा हा खरोखर मोठा विषय आहे आणि मी हे अगदी मनापासून म्हणतेय. आन्येस वार्दाचा २००० सालचा 'द ग्लीनर्स अँड आय' बघा. छोटा डिजिटल कॅमेरा हातात घेऊन सत्तरीला आलेली ही बाई फ्रान्सभर फिरते आणि शेतात, बाजारात मागे राहिलेलं वेचणाऱ्या माणसांना भेटते. ठरलेल्या आकारात न बसणारे बटाटे ढिगाने टाकून दिलेले असतात, त्यात तिला पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचे बटाटे सापडतात, ती ते घरी घेऊन येते आणि त्यांच्याकडे बघत बसते, आणि एका हाताने कॅमेरा धरून स्वतःच्याच दुसऱ्या, सुरकुतलेल्या हाताचं शूटिंग करते. कापणी झाल्यावर रानात सरवा वेचायला जाणाऱ्या बायका आपल्याकडे सगळ्यांनी बघितल्यात, त्यांच्यातल्या कुणालाही हा सिनेमा परका वाटणार नाही. दीड तासाच्या आतला आहे, माहितीपट आहे, आणि इतकं प्रेमळ काही मी क्वचितच बघितलंय.

आणि तिसरा बटाटा हंगेरीचा दिग्दर्शक बेला तारचा. 'द तुरिन हॉर्स', २०११. वाऱ्याने झोडपलेलं एक घर, बाप, मुलगी आणि एक घोडा. बापाचा उजवा हात निकामी आहे. रोज मुलगी दोन बटाटे उकडते, एक त्याला एक तिला, आणि तो एका हाताने चटके खात घाईघाईने साल काढून मीठ लावून खातो. रोज तेच जेवण, पण तार दरवेळी वेगळ्या बाजूने दाखवतो, एक दिवस फक्त बाप, एक दिवस मुलगी, मग दोघं. अडीच तासांच्या सिनेमात फक्त ३० शॉट आहेत. विहीर आटते, घोडा खाणं सोडतो, दिवा लागत नाही. मला हा सिनेमा बघून झाल्यावर गॅसची शेगडी पेटवताना काय वाटलं ते मी सांगू शकत नाही. लास्लो क्रास्नाहोरकाईला २०२५ चं साहित्याचं नोबेल मिळालंय त्यामुळे त्याच्या कादंबरीवरचा तारचाच 'सातानतांगो' लावूया अशी सूचना नक्की येईल, तो सात तासांच्या वर आहे आणि मोठाच सिनेमा आहे, पण त्यातला लहान मुलीचा आणि मांजराचा भाग मला बघवत नाही, आणि 'तुरिन हॉर्स'ही क्रास्नाहोरकाईनेच तारबरोबर लिहिलाय, तर आधी तो लावा असं मी म्हणेन.

आता बूट. दार्देन बंधूंचा 'रोझेता', १९९९, फ्रान्समधल्या कान महोत्सवातलं सगळ्यात मोठं बक्षीस, पाम दोर, मिळालेला. बेल्जियममधल्या सेरें या गावाच्या आसपास हे दोघे भाऊ वर्षानुवर्षं सिनेमे करतायत, पोलादाचे कारखाने होते ते बंद पडत गेले असा तो भाग, आणि फीचर फिल्मकडे वळण्याआधी त्यांनी तिथल्या कामगारांवर माहितीपट केले होते. रोझेता दारुड्या आईबरोबर कॅरॅव्हॅनमध्ये राहते. सिनेमा सुरू होतो तोच तिला कामावरून काढून टाकतात आणि ती कारखान्यातून बाहेर पडायला तयार नाही, पळते, दार लावून घेते, मारामारी करते, आणि कॅमेरा तिच्या मानेमागे धावतोय. ती गावात जाताना चांगले बूट घालते आणि कॅरॅव्हॅनच्या तळावर परत येताना ते काढून रबरी बूट घालते, चिखलात चांगले बूट खराब होऊ नयेत म्हणून, आणि बुटांची ती जोडी झाडीत एका पाइपमध्ये लपवलेली असते. दरवेळी थांबते, बदलते, लपवते, पुढे जाते. कोणी काही बोलत नाही. पोटात कळ आली की हेअर ड्रायरची गरम हवा पोटावर घेते. आणि एका रात्री झोपायच्या आधी ती स्वतःशीच पुटपुटते, स्वतःला नावाने हाक मारून सांगते की तुला काम मिळालंय, आणि स्वतःच उत्तर देते की मला काम मिळालंय. एमिली देकेन तेव्हा अठराच्या आसपासची होती, पहिलाच सिनेमा, आणि कानला अभिनयाचं बक्षीस घेऊन गेली. २०२५ मध्ये ती गेली तेव्हा मी 'रोझेता' परत बघितला आणि त्या बुटांच्या सीनला परत तसाच घसा दाटला.

याच भावांचा 'टू डेज, वन नाइट' २०१४ चा. सोलर पॅनेलच्या छोट्या कारखान्यातल्या कामगारांना मालकाने मतदान करायला लावलंय, एकतर तुमचा हजार युरोचा बोनस घ्या नाहीतर सांड्राची नोकरी ठेवा. तिच्याकडे शनिवार-रविवार आहे आणि ती एकेकाच्या दारात जाऊन उभी राहते. मारियों कोतिलार इतकी मोठी स्टार पण इथे ती स्टार कुठेच दिसत नाही. मी हा सिनेमा माझ्या मैत्रिणीला दाखवला, ती एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लाइनवर काम करते, आणि आम्ही त्या रात्री फोनवर कितीतरी वेळ भांडत होतो कारण ती म्हणाली मी बोनस सोडला नसता. तिच्या मुलाची फी, घराचा हप्ता, तिने मला आकडे मांडून दाखवले. सांड्राला नाही म्हणणारा प्रत्येक माणूस सिनेमातही असेच आकडे सांगतो, आणि दार्देन त्यातल्या एकालाही खलनायक करत नाहीत. अशी चर्चा आपल्या हॉलमध्ये कधी झालीय? आपल्याकडे चर्चा म्हणजे कोणीतरी उभा राहून दिग्दर्शकाची कारकीर्द सांगतो आणि बाकीचे मान हलवतात.

तुम्हाला वाटेल की ही बाई स्वीडनचा बर्गमन आणि इटलीचा अँतोनिओनी अशा मोठ्या दिग्दर्शकांच्या विरोधात आहे. मुळीच नाही. पण त्यांच्याकडेही जरा याच नजरेने बघा अशी विनंती आहे. बर्गमनचा 'विंटर लाइट' आपण देवाच्या मौनाचा सिनेमा म्हणून लावतो आणि खरं म्हणजे तो आपलं काम करता न येणाऱ्या माणसाचा सिनेमा आहे. पाद्री सर्दीतापाने बेजार आहे, चर्चमध्ये मोजकी माणसं आहेत, आणि एक मच्छीमार त्याच्याकडे धीर मागायला येतो, चीनकडच्या अणुबॉम्बच्या बातम्यांनी तो माणूस खचलाय. आणि हा पाद्री त्याला धीर द्यायच्या ऐवजी स्वतःचंच रडगाणं गातो. ड्यूटीवर असताना. समोरच्याला गरज असताना. डॉक्टर, शिक्षक, नर्स, कोणीही हा सीन बघितला की अंगावर काटा येईल. शूटिंगच्या आधी बर्गमन आणि त्याचा कॅमेरामन स्वेन निक्विस्ट चर्चमध्ये तासन्‌तास बसून प्रकाश कसा सरकतो ते बघत होते, निक्विस्टने हे स्वतः सांगितलंय, आणि ते त्या राखाडी, सावली न पडणाऱ्या उजेडात दिसतं. 'ऑटम सोनाटा'ही लावा, नटी इन्ग्रिड बर्गमनचा थिएटरसाठीचा शेवटचा सिनेमा, त्यात मुलगी आईसमोर शोपाँचा एक प्रेल्यूड वाजवते आणि मग आई तोच वाजवून दाखवते, आणि मुलगी झालेल्या लिव उलमानची नजर आईच्या हातांकडून आईच्या चेहऱ्याकडे जाते. तेवढ्यासाठी लावा.

अँतोनिओनीबद्दल माझं मत जरा वेगळं आहे आणि ते बऱ्याच जणांना आवडणार नाही. 'लाव्हेंतुरा'ला १९६० साली कानमध्ये लोकांनी हुर्यो केली आणि तरी त्याला ज्युरीचं बक्षीस मिळालं, ही गोष्ट आपण दरवेळी प्रेक्षकांना ऐकवतो, जणू ज्याला आवडला नाही तो त्या हुर्यो करणाऱ्यांतला. हे बरोबर नाही. मला स्वतःला तो सिनेमा थंड वाटतो, श्रीमंत माणसांचा कंटाळा इतका सुंदर दाखवलाय की त्या सुंदरपणाचाच कंटाळा येतो. पण त्याचाच 'लेक्लिसे' मला फार आवडतो आणि त्याचं कारण रोमच्या शेअर बाजाराचे सीन. नुसता गोंधळ, आरडाओरडा, हातवारे, आणि मग घोषणा होते की एक सहकारी वारला, एक मिनिट शांतता पाळूया. सगळे दलाल जागच्या जागी उभे, आणि फोन वाजतायत. उचलता येत नाहीत, वाजतच राहतात. मिनिट संपतं आणि दुसऱ्या क्षणाला सगळा गलका परत सुरू. दलाल झालेला आलाँ देलाँ कुजबुजून सांगतो की इथे एका मिनिटाची किंमत कोटींमध्ये आहे. पैशाबद्दल यापेक्षा धारदार काही मी सिनेमात बघितलेलं नाही.

एक सिनेमा मात्र मास्टरपीस म्हणून लावू नका, 'लास्ट टँगो इन पॅरिस'. तुमच्या जुन्या यादीत तो आहे. मारिया श्नायडर तेव्हा १९ वर्षांची होती, मार्लन ब्रँडो ४८ चा, आणि लोण्याचा, म्हणजे बलात्काराचा, जो प्रसंग आहे त्याबद्दल तिने २००७ मध्ये सांगितलं की तो स्क्रिप्टमध्ये नव्हता, तिला ऐनवेळी कळलं आणि तिला प्रचंड अपमानित वाटलं. दिग्दर्शक बेर्तोलुचीने पुढे मुलाखतीत मान्य केलं की लोण्याचं तिला मुद्दाम सांगितलं नव्हतं, त्याला नटीची नाही तर मुलीची प्रतिक्रिया हवी होती. कामाच्या ठिकाणी एका मुलीशी असं वागलेलं पडद्यावर दिसतंय आणि आपण त्याला कलेची किंमत म्हणायचं? मी तरी म्हणणार नाही. बेर्तोलुचीचाच 'द कन्फॉर्मिस्ट' आहे, तो लावा.

आता दाखवण्याच्या पद्धतीबद्दल, कारण निवड कितीही चांगली केली तरी इथे सगळं बिघडतं. 'इडा' दाखवला तेव्हा पडदा भरावा म्हणून चित्र मोठं केलं गेलं. पावलिकोव्स्कीने तो सिनेमा जुन्या चौकोनी आकारात केलाय आणि माणसं फ्रेमच्या पार तळाला ठेवलीत, डोक्यावर केवढी तरी मोकळी जागा सोडलीय, ती जागा म्हणजेच अर्धा सिनेमा आहे. आपण ती कापून टाकली. दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले तर दिसू देत, कोणी पैसे परत मागणार नाही. आवाजाचंही तेच. संगीत नाही म्हणजे आवाज महत्त्वाचा नाही असं समजून व्हॉल्यूम कमी ठेवला जातो, आणि फ्रेंच दिग्दर्शक ब्रेसाँच्या 'अ मॅन एस्केप्ड'मध्ये तर सगळा सिनेमाच आवाजावर आहे, चमच्याला धार लावून कैदी लाकडी दार खरवडतोय, बाहेर पहारेकऱ्याची पावलं, लांबून आगगाडी. तो आवाज ऐकू आला नाही तर उरलं काय?

आणि प्रास्ताविकं. पोलंडच्या किश्लोव्स्कीच्या 'डेकालॉग'चा पहिला भाग लावायच्या आधी एका पाहुण्या वक्त्यांनी शेवट सांगून टाकला होता, मला त्या संध्याकाळचा अजून राग आहे. वडील कम्प्युटरवर तळ्याच्या बर्फाची जाडी काढतात, मुलाला स्केटिंगला जायचंय, यापलीकडे एक अक्षर आधी सांगायला नको होतं. ब्रेसाँने सिनेमाच्या नावातच सांगून टाकलंय की कैदी निसटतो आणि तरी आपण जीव मुठीत धरून बघतो, पण तो दिग्दर्शकाचा निर्णय आहे, प्रास्ताविक करणाऱ्याचा नाही. किश्लोव्स्कीने 'डेकालॉग' टीव्हीसाठी केला होता हे लक्षात घ्या, साधारण तासाभराचे दहा भाग, वॉर्सातल्या एका मोठ्या हाउसिंग सोसायटीतली माणसं, आणि बरोबर लिहायला पिएसिएविच नावाचा वकील. पोलंडमधली माणसं जेवणं झाल्यावर घरात बसून हे बघत होती. दहावा भाग तर दोन भावांचा, वडिलांच्या स्टॅम्पच्या संग्रहाचा आणि चक्क हसवणारा आहे, आणि आपल्या हॉलमध्ये कोणी हसलं तर मागून गप्प बसा म्हणतात. हसू द्या हो लोकांना.

किश्लोव्स्कीचीच अजून एक गोष्ट सांगते कारण ती मला फार प्रिय आहे. 'थ्री कलर्स : ब्लू'मध्ये ज्युलिएत बिनोश कॅफेत बसून साखरेचा खडा कॉफीला नुसता टेकवते आणि कॉफी त्यात चढत जाते. त्याने सांगितलंय की तो खडा पाच सेकंदात भिजायला हवा होता, आठ सेकंद प्रेक्षक थांबणार नाही, म्हणून त्याच्या सहायकाने अर्धा दिवस वेगवेगळे खडे बुडवून बघितले. ज्या माणसाला आपण गूढ, तत्त्वचिंतक वगैरे म्हणतो तो प्रेक्षकाच्या तीन सेकंदांची इतकी काळजी करत होता! आपण मात्र त्याच प्रेक्षकाला पाऊण तास भाषण ऐकवतो.

माझ्या सूचना अशा. मालिकेची सुरुवात फिनलंडच्या काउरिस्माकीच्या 'फॉलन लीव्ज'ने करा, २०२३ चा आहे, ८१ मिनिटांचा, सुपरमार्केटमधली बाई मुदत संपलेलं खाणं घरी नेते म्हणून तिची नोकरी जाते, आणि त्यात प्रेमकथा आहे, हसू आहे, रेडिओवर युक्रेनच्या बातम्या आहेत. मग 'बायसिकल थीव्ज', 'रोझेता', वार्दा, आणि लोक रुळले की 'जान डीलमान'. रुमानियाचा 'द डेथ ऑफ मिस्टर लाझारेस्कू' लावाल त्या दिवशी १०८ च्या अ‍ॅम्ब्युलन्सवर काम करणाऱ्यांना आणि नर्सेसना आग्रहाने बोलवा, एका म्हाताऱ्याला रात्रभर या हॉस्पिटलातून त्या हॉस्पिटलात नेणाऱ्या अ‍ॅम्ब्युलन्सवरच्या बाईचा तो सिनेमा आहे आणि त्यावर बोलायचा पहिला हक्क त्यांचा आहे. बोलणं सिनेमानंतर ठेवा, आधी फक्त नाव, साल आणि देश. पत्रकावरून 'गंभीर प्रेक्षकांसाठी' काढून टाका. बचत गटांच्या बायकांना, कामगार संघटनांना वेगळं आमंत्रण द्या, पहिल्या वेळेला तिकीट लावू नका.

राहता राहिला भाषेचा प्रश्न, जो सगळ्यात मोठा आहे आणि ज्यावर आपण कधीच बोलत नाही. इंग्रजी सबटायटल्स त्या वेगाने वाचणं हे पुष्कळ लोकांना जमत नाही, माझ्या आईलाही नाही, तिला मी शेजारी बसून सांगत होते आणि 'जान डीलमान'मध्ये बोलणंच कमी म्हणून ते निभावलं. आपण मराठी सबटायटल्स करू शकतो. 'रोझेता'चे संवाद फार थोडे आहेत, तिथून सुरू करता येईल, मी आणि फ्रेंच शिकलेली एक मैत्रीण मिळून कच्चा खर्डा करायला तयार आहोत, कोणाकडून तपासून घ्यायचा ते तुम्ही ठरवा, आणि ज्यांच्याकडे हक्क आहेत त्यांना सोसायटीच्या लेटरहेडवर परवानगीचं पत्र तुम्हालाच लिहावं लागेल, ते आमच्या हातात नाही. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि तारीख कळवा, मी मैत्रिणीला घेऊन येते.

तुमची,
एक सभासद